रडणारा प्रेक्षक आणि न दिसणारी काकी

म्हाताऱ्या आईबापाच्या हालांवर मराठी माणसाला रडायला शिकवले ते वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'ने, असे म्हटले तर फारसे कोणी हरकत घेणार नाही. २३ डिसेंबर १९७० रोजी या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले अप्पासाहेब बेलवलकर ज्यांनी पाहिले ते भाग्यवान. ज्यांना ते पाहायला मिळाले नाहीत त्यांच्यासाठी महेश मांजरेकरांनी २०१६ साली चित्रपट आणला आणि नाना पाटेकरांनी ती भूमिका केली. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ मराठी प्रेक्षक एका बापाची त्याच्याच मुलांच्या घरातून होणारी परवड पाहतो आहे, डोळे पुसतो आहे आणि आपापल्या घरी जातो आहे. आम्हांला विचारायचे आहे ते एवढेच की, घरी गेल्यावर त्याला काय दिसते?

नाटकाला कमी लेखण्यासाठी आम्ही हे विचारत नाही. 'नटसम्राट' मोठे आहे आणि त्याच्या मोठेपणाला आमच्यासारख्या उर्दू शाळेतल्या शिक्षकांच्या प्रमाणपत्राची गरज नाही. परंतु साहित्य माणसाला पाहायला शिकवते हे जर खरे असेल, तर ते काय दाखवते आणि काय नजरेआड ठेवते याचा हिशेब समीक्षेने केव्हातरी मांडलाच पाहिजे. ज्या अन्यायाची फिर्याद होत नाही, ज्याला साक्षीदार असूनही कोणी साक्ष देत नाही, त्या अन्यायाबाबत तर नक्कीच. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की, साठीच्या पुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या दुर्व्यवहाराला तोंड द्यावे लागते, आणि चोवीस प्रकरणांपैकी जेमतेम एक बाहेर येते. उरलेली तेवीस कुठे असतात? ती घरात असतात. आपल्या शेजारच्या घरात, आणि कधी आपल्याही.

आपल्या समाजात या बाबतीत एक मोठे समाधान आहे. 'आमच्यात बुजुर्गांना वृद्धाश्रमात टाकत नाहीत,' हे वाक्य निकाहाच्या मांडवात, मय्यतीच्या घरी, जलशातल्या तकरीरीत आपण सगळ्यांनी ऐकले आहे. आईबापापुढे कंटाळ्याचा एक सुस्कारासुद्धा टाकू नये, अशी ताकीद ज्या किताबात आहे ती आपल्या घराघरांत रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेली असते. परंतु वृद्धाश्रम नसणे हा सांभाळाचा पुरावा नव्हे. घरात असणे आणि घरात जपले जाणे यांत अंतर असते. हे अंतर मोजण्याचे साधन म्हणून आम्ही काही कथा-नाटकांकडे पाहणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याला बोलता येते त्याचेच दुःख आपल्या साहित्याने ठळकपणे दाखवले. जे बोलू शकत नाहीत, ज्यांचे बोलणे कोणाला कळत नाही किंवा ज्यांच्या बोलण्याला घरात किंमत उरलेली नाही, त्यांच्यावरचा जुलूम ओळखायला फार थोड्या कृती शिकवतात. आणि ज्या शिकवतात त्या आपण चुकीच्या पद्धतीने वाचतो.

प्रथम 'नटसम्राट'च घेऊ. अप्पासाहेब हयातीतच आपली सारी मिळकत नंदा आणि नलू या दोन मुलांत वाटून मोकळे होतात. आधी मुलाकडे राहतात, तिथे जमत नाही. मग मुलीकडे जातात. तिथून घराबाहेरच्या आउटहाउसमध्ये त्यांची रवानगी होते आणि शेवटी त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. पायरीपायरीने उतरत जाणारा हा जिना शिरवाडकरांनी अचूक बांधला आहे. देऊन टाकलेली मिळकत, मग टोमणे, मग वेगळी जागा, मग संशय. आज ज्याला कायद्याच्या भाषेत आर्थिक, शाब्दिक आणि भावनिक छळ म्हणतात, ते सारे इथे आहे.

पण अप्पासाहेब नट आहेत. अपमान झाला की त्यांच्याजवळ उत्तर असते, आवाज असतो, साऱ्या रंगभूमीची भाषा पाठीशी असते. त्यांचे दुःख आपल्याला ऐकू येते कारण ते उत्तम रीतीने बोलले जाते. त्यांची पत्नी कावेरी मात्र बोलत नाही. घरात काय चालले आहे हे तिला नवऱ्याच्या आधी कळते. ती सावरून घेते, झाकून नेते, आणि अपमान सोसवेनासा झाल्यावर जीव सोडते. प्रेक्षागृहातले बहुतेक रुमाल अप्पासाहेबांसाठी निघतात, कावेरीसाठी थोडे. नाटकाने कावेरी दाखवली नाही असे नाही. दाखवली आहे. पण तिचे गप्प राहणे हीच तिच्या हालांची खूण आहे, हे आपण शिकलो नाही. आपल्या मोहल्ल्यात बेलवलकर एखादाच असेल. कावेरी मात्र दर इमारतीत आहेत.

याच दशकातले जयवंत दळवींचे 'संध्याछाया' थोडे वेगळे सांगते. नाना-नानींचा एक मुलगा परदेशात, दुसरा लष्करी सेवेत. त्यांना कोणी हाकलत नाही, कोणी उपाशी ठेवत नाही. घर आहे, नोकर आहे, फक्त माणसे नाहीत. हे नाटक पाहून परदेशी मुलांवर राग काढणारे पुष्कळ. आम्हांला तसे वाटत नाही. एकटेपण भयंकर असते, ते जीवही घेते, परंतु प्रत्येक एकटेपण हा कोणाचा गुन्हा नसतो. दुबईत, रियाधमध्ये राबून दर महिन्याला पैसे पाठवणारा मुलगा आणि त्याच पैशातून आईला शिळे वाढणारे घर, यांत फरक करता आला पाहिजे. जुलूम ओळखणे म्हणजे जे दिसेल त्याला जुलूम म्हणणे नव्हे.

आता त्या कथेकडे येऊ जिच्यासाठी हा सारा लेख आहे. प्रेमचंदांची 'बूढी काकी'. शंभर वर्षांहून जुनी ही कथा उर्दू-हिंदी वाचणाऱ्या पिढ्यांना पाठ आहे. उर्दू शाळेच्या वर्गात ती शिकवली की तासाच्या शेवटी ठरलेला प्रश्न येतो: या कथेतून काय सबक मिळतो? ठरलेले उत्तर: बुजुर्गांचा आदर करावा. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतात. पण कथेत जे आहे त्याचा दहावा हिस्साही या उत्तरात येत नाही.

कथेत काय आहे ते पाहू. काकीचा नवरा गेला, तरुण मुले गेली. उरला पुतण्या बुद्धिराम. त्याच्या नावावर तिने आपली सारी मिळकत लिहून दिली. लिहून घेताना त्याने आश्वासने भरपूर दिली. लिहून झाल्यावर काकीला पोटभर जेवण मिळणेही दुरापास्त झाले. तिचे डोळे गेले आहेत, हातपाय चालत नाहीत. भूक लागली की ती मोठ्याने रडते. आणि इथे प्रेमचंद एक अशी गोष्ट नोंदवतात जी आम्हांला साऱ्या कथेचा गाभा वाटते: काकी खाण्यासाठी रडते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे तिच्या रडण्याकडे कोणी लक्ष देत नाही. रडण्याचे कारण माहीत आहे, म्हणूनच दुर्लक्ष. उपेक्षेची याहून नेमकी व्याख्या आम्हांला कोणत्याही अहवालात सापडलेली नाही.

घरातली मुले तिला चिमटे काढतात, अंगावर पाणी टाकतात, आणि मोठ्यांना त्यात वावगे वाटत नाही. हा शारीरिक छळ. रूपा, म्हणजे पुतण्याची बायको, तिला पाहुण्यांदेखत घालूनपाडून बोलते. हा शाब्दिक छळ. थोरल्या मुलाच्या टिळ्याच्या दिवशी घरभर पुऱ्यांचा वास सुटला आहे. काकीला रडायला येते, पण शुभकार्यात रडले तर अपशकुन होईल म्हणून ती रडूही शकत नाही. रडणे ही तिची एकच भाषा होती, त्या दिवशी तीही गेली. ती सरपटत पाहुण्यांच्या पंगतीत येते तेव्हा बुद्धिराम तिला दोन्ही हातांनी ओढत नेऊन अंधाऱ्या कोठडीत टाकतो. आणि रात्री, सगळे निजल्यावर, ती उष्ट्या पत्रावळींवरचे तुकडे वेचते. केवढीशी कथा, पण तीत छळाचे किती प्रकार एकापाठोपाठ येतात! इंग्लंडमधल्या वैद्यकीय नियतकालिकांत वृद्धांच्या मारहाणीला स्वतंत्र नाव मिळाले ते १९७५ साली. प्रेमचंदांनी नाव दिले नव्हते, पण त्याच्या पन्नासएक वर्षे आधी त्यांनी ते पूर्ण पाहिले होते.

महत्त्वाचे म्हणजे या घरात राक्षस कोणी नाही. बुद्धिराम तसा सज्जन, फक्त खिशाला झळ लागेपर्यंत. रूपा जिभेची तिखट, पण देवाला भिणारी. आपण ज्यांना भले लोक म्हणतो असेच हे लोक आहेत. लग्नकार्यात शेकडो पाने उठवणारे. ज्या दिवशी काकी उपाशी होती त्या दिवशी त्या घरचे अन्न साऱ्या गावाने खाल्ले, आणि ते काकीच्याच मिळकतीचे होते. हे रूपाला शेवटी उमगते.

कथेचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. काकीला उष्टे वेचताना पाहून रूपा हादरते, देवाची क्षमा मागते आणि ताट वाढून आणते. या शेवटावर आजवर पुष्कळ स्तुती झाली आहे. आम्ही इथे जरा थांबू इच्छितो. पश्चात्ताप कोणाला झाला? रूपाला. मिळकत कोणाच्या नावावर? बुद्धिरामच्या. तो त्या रात्री कुठे आहे? झोपला आहे. ज्याने सही करून घेतली त्याची झोप कथा मोडत नाही, अपराधाचे ओझे मात्र रांधणाऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवते. आपल्या घरांतही हेच होते. सासूचे हाल झाले की सून वाईट ठरते. आईचे औषध संपले आहे हे मुलाला का माहीत नव्हते, असे कोणी विचारत नाही. शिवाय ते ताट एका रात्रीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी काकीला कोणी काय दिले, हे प्रेमचंद सांगत नाहीत. वाचकाने डोळे पुसले की कथा संपते. काकीची भूक मात्र रोजची आहे.

इथे साहित्याच्या बाहेर थोडे पाऊल टाकणे भाग आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा संसदेने २००७ साली केला आणि महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. हा कायदा सर्व धर्मीयांना सारखाच लागू आहे. ज्याला मूलबाळ नाही अशा वृद्धाची जबाबदारी या कायद्याने त्या सज्ञान वारसावर टाकली आहे, ज्याच्या ताब्यात त्या वृद्धाची मिळकत आहे किंवा पुढे येणार आहे. म्हणजे हुबेहूब बुद्धिराम! सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येते. अर्ज प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा असतो. ज्याच्यावर वृद्धाच्या सांभाळाची जबाबदारी आहे त्याने त्याला कुठेतरी सोडून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सांभाळाची अट दिसली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात या कायद्याचा अर्थ त्याच्या हेतूकडे पाहून उदारपणे लावावा, असे सांगितले. आपल्यात हिबा तोंडीही होतो. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने घेतले आणि ताबा दिला की झाले, कागद लागतोच असे नाही. त्यामुळेच दादीने घर नातवाच्या नावावर करताना 'मला शेवटपर्यंत सांभाळायचे' ही गोष्ट चार माणसांसमोर आणि कागदावर यायला हवी. असे सुचवणे म्हणजे नातवावर अविश्वास नव्हे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी शिकवण असलेल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

आता महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'कडे वळू. १९८५ च्या या नाटकात देशपांड्यांच्या वाड्यातला कर्ता पुरुष वारला आहे आणि सारे घर श्राद्ध, जमीन, दागिने यांच्या हिशेबात बुडाले आहे. घरात एक अतिवृद्ध दादी आहे. ती पुन्हा पुन्हा वेळ विचारत राहते. प्रेक्षकाला प्रथम थोडे हसू येते, मग कंटाळा येतो, मग भीती वाटू लागते. ही कामगिरी लहान नाही. स्मृती हरपलेल्या माणसाजवळ रोज राहणाऱ्याच्या मनाचे तीनही टप्पे नाटककाराने प्रेक्षकाच्या अंगावर आणले आहेत. आपणही त्या घरातलेच एक होतो आणि दादीकडे काणाडोळा करू लागतो.

पण या वाड्यातला आम्हांला अधिक अस्वस्थ करणारा माणूस म्हणजे चंदू. घरातला सज्ञान मुलगा, पण शिक्षण नाही, कमाई नाही, आवाज नाही. घरातली सारी ओझी तोच वाहतो. त्याला दुखापत होते तेव्हाही घराच्या कामात फारसा खंड पडत नाही. त्याचा छळ होतो असे घरातले कोणीही कबूल करणार नाही, कारण ते सारे त्याला आपला म्हणतात. असा एक 'भोळा' मामा, एक न लग्न झालेली फुफी, एक जरा मंद म्हटला जाणारा चुलतभाऊ आपल्याही खानदानात असतो. वाटणीत त्याचे नाव नसते, दावतीत तो ताटे उचलतो, आणि लोक म्हणतात, किती गुणी आहे बिचारा. वयाने म्हातारे असणे ही दुर्बळ असण्याची एकच रीत नाही, हे एलकुंचवारांनी दाखवले. आपण मात्र चंदूला घराचा तपशील समजून पुढे गेलो.

आमच्या उर्दूत याच जातीची एक कथा आहे आणि तिचे नाव घेताच सगळे फाळणी म्हणतात. मंटोंची 'टोबा टेक सिंह'. ती फाळणीचीच कथा आहे, यात वाद नाही. तरीही तिच्यातला बिशन सिंह कोण आहे? एक खाऊनपिऊन सुखी जमीनदार. त्याचे डोके फिरले तेव्हा नातेवाइकांनी त्याला जाड साखळदंडांत जखडून आणले आणि पागलखान्यात दाखल करून टाकले. पंधरा वर्षे तो उभाच आहे, पाय सुजले आहेत. नातेवाईक भेटायला येण्याचा दिवस त्याला आपोआप कळतो. त्या दिवशी तो अंघोळ करतो, डोक्याला तेल लावतो, केस विंचरतो. नंतर फाळणीच्या धामधुमीत भेटायला येणारे येईनासे होतात. त्याच्या बडबडीचा अर्थ कोणाला लागत नाही. पण केस विंचरण्याचा अर्थ कोणालाही लागावा. आम्हांला वाटते, देशांच्या सीमेवर नजर ठेवता ठेवता आपण या कंगव्याकडे पाहिलेच नाही.

हा कंगवा आमच्यापासून दूर नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. पुणे, नागपूर, रत्नागिरी यांच्यासह राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. २०२२ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयापुढे एका मनोविकारतज्ज्ञांच्या जनहित याचिकेची सुनावणी चालली, तेव्हा या रुग्णालयांतून दहा-दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या माणसांचा प्रश्न समोर आला. त्यांतले कित्येक बरे झालेले, घरी जाण्याजोगे. घरच्यांना ते नको होते. ठाण्यातल्या एका स्त्रीचे बारा वर्षांचे वास्तव्य या साऱ्याला निमित्त झाले होते. औषध मिळते, जेवण मिळते, छप्पर आहे, तरीही माणूस टाकून दिलेला आहे. दारावर कोणी येत नाही, हा तिथला छळ.

साखळदंड तर केवळ कथेतले नव्हेत. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातले एरवाडी हे दर्ग्याचे गाव. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या एका खासगी आसरागृहाला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण गेले. त्यांना तिथे कोणी शत्रूंनी नेले नव्हते. श्रद्धेने, मोठ्या आशेने, पैसे मोजून घरच्यांनीच ठेवले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळी बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली आहे. दुआ जरूर मागावी. पण दुआ मागणाऱ्याने साखळीही पाहावी.

मग प्रश्न येतो सांभाळणाऱ्याचा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले एक संस्कृत पंडित आहेत. डॉ. मोहन आगाशे यांनी ते काम केले आहे. मुलगी त्यांच्यावर जीव टाकते, तरी थकलेली आहे, वैतागलेली आहे. काही क्षणांपुरते गाडीत एकटे राहिलेले वडील एका हत्तीच्या मागे निघून जातात आणि हरवतात. त्यांना सांभाळते ती हत्तीवाल्याची गरीब बायको. या चित्रपटाचे आम्हांला मोल वाटते ते अशासाठी की, तो मुलीला गुन्हेगारही करत नाही आणि निर्दोष म्हणून सोडूनही देत नाही. थकवा हे कारण असते, सबब नव्हे, आणि कारण समजले तरच मदत करता येते. एकट्या सुनेवर किंवा मुलीवर चोवीस तासांचा भार टाकून बाकीचे भाऊ ईदेला मिठाई घेऊन येत असतील, तर त्या घरात दोन माणसांची उपेक्षा चालू आहे: जिला सांभाळायचे तिची आणि जी सांभाळते तिची.

एवढे वाचल्यावर पुन्हा आपल्या वस्तीकडे पाहू. आमचा मानपाडा घोडबंदर रस्त्यावरचा, नावापुरता पाडा. येऊरच्या डोंगराकडे पाठ करून टॉवर उभे आहेत. तिकडे डोंबिवलीचा मानपाडा रोडही तसाच. वन रूम किचनमध्ये सहा माणसे, आणि गॅलरी बंद करून केलेल्या जागेत आजोबांची खाट. ही जागा म्हणजे काकीची कोठडीच, असे आम्ही म्हणणार नाही. जागा लहान असणे हा गुन्हा नाही. पण कथा वाचलेल्या डोळ्यांना काही खुणा दिसायला हव्यात. चष्म्याची काडी चार महिने तुटलेली. कवळी हरवली म्हणून पातळ वरणभातावर भागवलेले. कानाच्या यंत्राला सेल नाही. वजन उतरते आहे आणि कोणी मोजत नाही. एकाच कुशीवर पडून पाठीला जखमा. पेन्शनचे पैसे निघतात, पण एटीएम कार्ड आणि त्याचा नंबर दुसऱ्याकडे. दवाखान्यात डॉक्टर विचारतात आजीला आणि उत्तर देते भलतेच माणूस, प्रत्येक वेळी. दाराला बाहेरून कडी. रात्री त्रास देतात म्हणून दिलेली आणि मग दिवसाही दिली जाऊ लागलेली झोपेची गोळी. बोलता बोलता कोणी आत आले की बदलणारा आवाज.

यांतली एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. म्हाताऱ्या कातडीवर साध्या धक्क्यानेही वळ उठतो, आणि आजाराने वजन कमी होतेच. पण दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर विचारावे, आणि एकांतात विचारावे. स्त्री असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आधार आहे. त्या कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार स्पष्ट सांगितले आहेत, आणि ते केवळ सुनेसाठी नाहीत, आईसाठी आणि सासूसाठीही आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांक आहे. या चारांपैकी लैंगिक अत्याचाराबद्दल, विशेषतः बुद्धीने अधू असलेल्या सज्ञान मुलीवरच्या अत्याचाराबद्दल, आपण अवाक्षर काढत नाही. इज्जतीच्या भीतीने आपण जे झाकतो त्याचा फायदा करणाऱ्यालाच होतो.

मानपाड्यापासून डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह जवळच आहे. तिथे वृद्धांच्या दुःखाचे नाटक लागले तर आपणही जाऊ आणि रडू. रडण्यात वाईट काही नाही. परंतु रडल्याने आपण चांगले आहोत अशी खात्री पटते, आणि ती खात्रीच पुढे डोळ्यांवर येते. नाटकातल्या सुनेचा राग येतो, तो खुर्चीवर उतरवून आपण हलके होऊन घरी येतो. म्हणून एखाद्या कृतीने किती रडवले, हे मोजून भागणार नाही. तिने नंतर काय पाहायला लावले, हेही मोजले पाहिजे. या मापाने 'बूढी काकी'ची थोडकी पाने मोठमोठ्या नाटकांवर भारी ठरतात, आणि कावेरी, चंदू, बिशन सिंह ही पात्रे आपापल्या कृतींत पुन्हा नव्याने वाचावी लागतात.

आणि आपल्या लेखकांचे काय? मुस्लिम मराठी लेखनाने तलाकचे, दंग्याचे, गरिबीचे, संशयाचे दुःख धिटाईने लिहिले. त्यासाठी बाहेरच्यांचे आणि आपल्यांचेही बोल सोसले. पण घरातल्या गॅलरीतली खाट अजून लिहायची राहिली आहे, असे आम्हांला वाटते. लिहिताना एक मोह टाळावा: म्हाताऱ्याच्या तोंडी सुंदर भाषण घालण्याचा. ज्याला भाषण करता येते त्याला निम्मी मदत मिळालेलीच असते. लिहायचे आहे ते त्या दादीबद्दल जिची जीभ अर्धांगाने गेली आहे, जिच्या अंगठ्याचा ठसा कशावर उमटला हे तिलाच माहीत नाही, आणि जिच्याबद्दल घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, माशाअल्लाह, किती छान सांभाळता तुम्ही! खरोखर छान सांभाळत असतील तर तेही लिहावे. पण लेखकाने आत जाऊन खाटेपर्यंत पोहोचावे आणि पाहून लिहावे.

वर्गातल्या मुलांसाठी आम्ही एक वेगळा प्रश्न सुचवू इच्छितो. 'या कथेतून काय सबक मिळतो?' हे जरा बाजूला ठेवावे. विचारावे: काकी उपाशी आहे हे कथेतल्या कोणाकोणाला माहीत होते? मुले पाने उलटतील, नावे लिहायला लागतील. रूपा, बुद्धिराम, मुले, येणारेजाणारे. यादी लांबत जाईल. त्यांतल्या एकाच नावापुढे खूण करता येईल. लाडली, घरातली धाकटी मुलगी, जिने आपल्या वाटच्या पुऱ्या राखून ठेवल्या आणि सगळे निजल्यावर अंधारात काकीला नेऊन दिल्या. तिला कायदा माहीत नव्हता, व्याख्या माहीत नव्हती. काकीने अजून खाल्लेले नाही, एवढेच तिने पाहिले होते.